मलेबाईची परतफेड

माझी आई म्हणते, "खाल्लेल्या मिठाले जागाव, अन् खाल्लेल्या लातेले बी."

यातलं मिठाचं मी मनापासून पाळते. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि त्या पदवीत कुणाकुणाचा वाटा आहे ते मला पाठ आहे. आमच्या तालुक्याच्या शाळेतले गणिताचे सर उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बोलावून शिकवायचे. आईच्या सोबतीच्या बायांनी माझ्या हॉस्टेलसाठी कुणी गादी, कुणी बादली, कुणी नातेवाइकाकडची जुनी इस्त्री आणून दिली. दिवाळीला मी अजून त्या सगळ्यांच्या पाया पडते. लोक म्हणतात, पोरगी जाण ठेवून आहे. पण आईच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून ते इथे लिहिते.

आमचं गाव उमरेडच्या पुढे, मिरचीच्या पट्ट्यात. तिकडे सातरे असतात. मोठं मोकळं आवार, त्यात लाल मिरचीचे ढीग आणि ढिगांभोवती बसून देठ खुडणाऱ्या बाया. आई वर्षानुवर्षं सातऱ्यावर गेली. तिखट हातात इतकं मुरायचं की कितीही धुतलं तरी जात नसे. तिचा हात लागला की माझे डोळे झोंबायचे. म्हणून लाड करायचे झाले की ती मला जवळ ओढून माझ्या डोक्यावरून कोपर फिरवायची. इतरांच्या आया हात फिरवतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

इंजिनिअरिंगला माझा नागपूरला नंबर लागला. कॉलेज हिंगण्याच्या रस्त्यावर होतं. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून आपली ओळख करून द्यायची होती; वरच्या वर्गातली काही मुलंमुलीही मागे येऊन बसली होती. शाळेत पंधरा ऑगस्टला भाषणं केलेली मुलगी मी, ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "मले इथं येऊन खूप आनंद होऊन राहिला."

वर्ग हसला. माझ्या मागे काही गंमत झाली असेल म्हणून मी वळून पाहिलं. त्यावर वर्ग आणखी हसला.

आमच्याकडे 'मला' कुणी म्हणत नाही. पुस्तकात 'मला' वाचायचं आणि तोंडानं 'मले' म्हणायचं, असं आम्ही लहानपणापासून करत आलो. या दोघांचं एकमेकांशी भांडण आहे हे मला ठाऊक नव्हतं. नागपुरातही भाजीबाजारात, ऑटोत, रसवंतीवर 'मले' सगळीकडे ऐकू येतं. मात्र त्यानं कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबायचं असतं.

त्या कॉलेजात एक पद्धत होती. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला वरच्या वर्गातली एक मुलगी सोबतीण म्हणून द्यायचे. नवीन मुलीला तिनं सांभाळून घ्यायचं, अडचण विचारायची, बुजरेपणा घालवायचा. मला मिळालेली सीनियर नागपूरचीच होती, चांगल्या वस्तीतली, स्वच्छ बोलणारी, कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे असणारी. तिनं मला कँटीनमध्ये बसवलं, तर्री-पोहे मागवले आणि मोठ्या मायेनं माझी विचारपूस केली.

"मोकळेपणी सांग," ती म्हणाली. "इथे सांगितलेलं इथेच राहतं."

मी सांगितलं. सातरा सांगितला, तिखटाच्या आगीनं भगभगणारे आईचे हात सांगितले. कोपर सांगितलं. तिनं माझा हात आपल्या हातात धरला. त्या संध्याकाळी मी आईला फोनवर म्हणाले, "माय, मले इथं एक ताई भेटली."

पहिल्या परीक्षेत मी मुलींमध्ये पहिली आले. गॅदरिंगमध्ये बक्षीस होतं, म्हणून मी आईला बोलावलं. ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर अगदी काठाशी बसली. बक्षिसांच्या आधी करमणुकीचे कार्यक्रम होते. त्यात एक प्रहसन होतं, 'मलेबाईची मुलाखत'.

माझी सोबतीण स्टेजवर आली. तेल चोपडून दोन वेण्या, हातात स्टीलचा डबा. समोर एक मुलगा साहेब होऊन बसलेला.

"सायेब, मले नौकरी द्या ना! काहून नाई देत? माह्या मायचे हात भगभगून राहिले ना गा!"

सभागृह फुटलं. साहेब म्हणाला, आधी तुझे गुण दाखव. तशी ती टेबलाला वळसा घालून गेली आणि साहेबाच्या डोक्यावरून कोपर फिरवत म्हणाली, "हे पाहा, माय असे लाड करते मले!"

मुलं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारत होती. मी आईकडे पाहिलं. आईही हसत होती. बाकीचे हसताहेत म्हणून पाहुण्याबाईनं हसावं, तसं.

मग बक्षिसाला माझं नाव पुकारलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मले!" आणि सगळं सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर "मले! मले!" करायला लागलं. माझं कौतुक चाललंय असं समजून आईही त्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होती.

बसस्टॉपवर तिनं विचारलं, "कोन होती वं ते पोट्टी? भल्ली बोलली. ते आपल्याइकडचीच हाय."

"नाई वं माय. ते नागपूरची हाय."

"नागपूरची? 'भगभगून राहिले' म्हनली ते. शहरातली पोट्टी असं कशी म्हनन?" मग बस दिसायला लागल्यावर म्हणाली, "तिची माय बी कोपरानंच लाड करे काय वं?"

आईनं हे भाबडेपणानं विचारलं की सगळं कळून, ते मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या सीनियरला गाठलं. म्हटलं, ते मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं. ती खळखळून हसली. "अगं, कौतुकानं केलं! किती सीरियस घेतेस? फेमस केलं ना तुला!" आणि जाता जाता माझ्या गालावर टिचकी मारली.

मी लाथ म्हणते ती ही टिचकी. प्रहसन एक वेळ विसरले असते.

त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी मराठी बोलले नाही. नागपुरात हिंदीच्या आड छान लपता येतं. "मेरे को मालूम नहीं", "अपने को क्या करना है", एवढं आलं की कुणाचं गाव कुठलं ते कळत नाही. वर्गात हिंदी, मेसमध्ये हिंदी, आजारी पडले तर डॉक्टरकडेही हिंदी. आईशी फोनवर बोलायचं झालं की मी गच्चीवर जायचे.

आणि सूड रचायचे. कपडे धुताना रचायचे, बसमध्ये रचायचे. माझ्या सर्वांत आवडत्या बेतात ती मे महिन्यात आमच्या गावाबाहेर पंक्चर गाडीशी उभी असे. मी सावलीतून विचारत असे, "काहून वं ताई, पानी पाह्यजे?" दुसऱ्या बेतात ती माझ्यासमोर नोकरीच्या मुलाखतीला बसलेली असे. बेत बदलायचे, शेवट ठरलेला असायचा. तिनं लोकांसमोर, वेणी आणि डब्याशिवाय, स्वतःच्या चेहऱ्यानं 'मले' म्हणायचं.

वर्षं गेली. ती वरच्या वर्गात होती, पास होऊन निघून गेली. मला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथल्या साहेबांनी मला पुढे आणलं, त्यांचंही मीठ मी विसरत नाही. नवीन रुजू होणाऱ्या मुलामुलींना जुन्यातला एकेक सोबती द्यायचं काम निघालं, तेव्हा ते मी मागून घेतलं. त्यात मी एकच नियम घातला. आधी सोबत्यानं आपली गोष्ट सांगायची. नवीन माणसाला वाटलं तर त्यानं सांगावी, नाही वाटलं तर नाही, आणि ती विचारायची तर मुळीच नाही. साहेब म्हणाले, हे उलटं नाही का? मी म्हटलं, हेच सुलटं आहे. कारण सांगितलं नाही.

या वर्षीच्या बॅचमध्ये एक मुलगी आली, अर्जुनीच्याही पलीकडच्या गावची. तिची सोबतीण मीच झाले. पहिल्याच दिवशी मी तिला ओळखलं. घोटून घोटून गुळगुळीत केलेली तिची हिंदी, आणि मराठी बोलायची वेळ आली की पाण्याची बाटली तोंडाला लावायची सवय. मी मुद्दाम तिच्याशी मले-तुले करत बोलायचे, माझं सगळं सांगायचे. ती मान खाली घालून म्हणायची, "जी मॅडम."

कंपनीच्या बसमध्ये ती मैत्रिणीला म्हणताना मी ऐकलं, "ट्रेनिंग के बाद मैं छोड़ रही हूँ. ये जगह मेरे लिए नहीं है."

काय करावं ते मला सुचत नव्हतं. त्याच सुमारास साहेब म्हणाले, "नवीन बॅचसाठी कार्यशाळा ठेवली आहे. सहानुभूती, सगळ्यांना सामावून घेणं, स्वतःचा शोध. सदर भागात एका बाईंची संस्था आहे, त्या येतायत. व्यवस्था तुम्ही पाहा."

कार्यशाळेच्या दिवशी ट्रेनिंग हॉलचं दार उघडलं आणि आत आली ती माझी कॉलेजातली सोबतीण.

हातमागाची साडी, मोकळे केस, आवाज पूर्वीपेक्षा मऊ. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "किती छान वातावरण ठेवलंय तुम्ही!" मी तिच्या डोळ्यांत पाहत राहिले, आत्ता ओळखेल, आत्ता ओळखेल म्हणून. तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं, "वा, छान नाव आहे," म्हणाली आणि प्रोजेक्टरची वायर कुठे आहे ते विचारलं. ती मला विसरली होती. जिच्यासाठी मी इतकी वर्षं बेत रचले, तिच्या खिजगणतीतही मी नव्हते.

सकाळच्या सत्रात तिनं सगळ्यांना आपलं आयुष्य नदीसारखं काढायला सांगितलं. कुठे उगम, कुठे वळण, कुठे खडक. मग एकेकानं पुढे येऊन चित्र दाखवायचं. ती चांगलं बोलत होती, हे मला मान्य करावं लागेल. दुसऱ्याचं दुखणं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही, असं काहीसं म्हणत होती. मी मागे बसून दात आवळत होते, आणि त्याच वेळी स्वतःला समजावतही होते. जाऊ दे, बाई सुधारली असेल, काम नीट करतेय, बॅचचं भलं होतंय.

माझ्या अर्जुनीच्या मुलीची पाळी आली. तिनं नदी काढली नव्हती, तळं काढलं होतं.

"हमारे यहाँ नदी नहीं है," ती म्हणाली. "बोडी है. मतलब, गाँव का छोटा तालाब." मग चित्राकडे पाहता पाहता ती स्वतःला विसरली. "याच्यात आमच्या म्हशी डुंबतेत. मले याच्यातच माह्या बाबानं पोवाले शिकवलं…"

आणि थांबली. जीभ दातांत धरली. पुढच्या रांगेतून खुसखुस आली.

बाई हसल्या. पुढे होऊन त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "'मला' म्हण बेटा, 'मला'. घाबरू नकोस हं, शिकशील हळूहळू."

आणि तिच्या गालावर टिचकी मारली.

मुलगी जागेवर गेली आणि चित्राची घडी घालायला लागली. आणखी लहान घडी, आणखी लहान. मी स्वतःला जे समजावत होते ते तिथे संपलं.

जेवणाच्या सुट्टीत मी हात धुवायला गेले. नळापाशी बाई पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होत्या.

"हो वं माय, जेवून राहिली ना मी. तू गोळी घेतली का? काहून नाई घेतली? डोळे भगभगून राहिले तं ते थेंब टाक ना. मले ताप नको देऊ बाप्पा. येतो ना मी संध्याकाळी."

मी हात न धुताच दाराशी थांबले. ते आपल्याइकडचीच हाय, असं आई बसस्टॉपवर म्हणाली होती आणि मी तिला वेड्यात काढलं होतं. इतकी हुबेहूब नक्कल पाहून पाहून येत नाही. ती घरात ऐकावी लागते, पाळण्यात असल्यापासून.

एखाद्या चांगल्या लेखिकेला इथे त्या बाईची दया आली असती. मला आनंद झाला. भल्ला आनंद झाला. इतकी वर्षं शोधत होते ते हत्यार नळापाशी सापडलं होतं.

दुपारचं सत्र सुरू व्हायच्या आधी मी पुढे जाऊन म्हटलं, "मॅडम, एक खेळ सुचवू? प्रत्येकानं आपल्या आईशी घरी जसं बोलतो, तसं दोन मिनिटं इथे बोलायचं. बाकीचं काही नाही."

"वा!" त्यांनी टाळी वाजवली. "किती ऑथेंटिक! करूया."

खुर्च्यांचं गोल कडं झालं. एक मुलगा छत्तीसगढीत आईला खोटं सांगत होता की तो रोज दूध पितो. सिरोंचाचा एक जण तेलुगूत इतका भांडला की कुणाला शब्द कळला नाही तरी भांडण लोणच्यावरून आहे हे सगळ्यांना कळलं. मघाशी खुसखुसलेला पुढच्या रांगेतला मुलगा उठला आणि डोकं खाजवायला लागला. शेवटी म्हणाला, "यार, मेरी मम्मी प्यार हिंदी में करती है, डाँटती इंग्लिश में है. अपनी भाषा कौन सी, मेरे को खुद नहीं मालूम." सगळे हसले, तोही हसला. माझी अर्जुनीची मुलगी म्हणाली, "पास."

मग मी उभी राहिले.

"मले इथं येऊन खूप आनंद होऊन राहिला," मी म्हणाले. लोक हसले, मी हसू दिलं. "हे वाक्य मी कॉलेजच्या पयल्या दिवशी बोलली होती. तवा बी असेच हासले होते."

आणि मी सगळं सांगितलं, आईशी बोलते त्या भाषेत. सातरा सांगितला. तर्री-पोहे सांगितले. कोपर सांगितलं. बाईंच्या हातात मार्कर होता, त्याचं टोपण त्या लावत-काढत होत्या. कोपराशी आले आणि टोपणाचा आवाज थांबला. मी वर पाहिलं नाही. टाळ्यांचा ठेका सांगितला, माझ्या आईनं वाजवलेल्या टाळ्या सांगितल्या, गालावरची टिचकी सांगितली. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

"ते सीनियर आता कुठं हाय, तुमी विचारान," मी म्हणाले. "मोठी झाली ते. लोकायले शिकवते." आणि खाली बसता बसता म्हणाले, "मॅडम, आता तुमचा नंबर."

त्यांनी आवाज सावरला. "मी… आमच्याकडे साधारण असंच बोलतात. आत्ता मी बोलतेय तसंच."

"आईशी बी?"

"हो."

"नळापाशी तं येगळंच बोलून राहिल्या होत्या," मी म्हणाले. "थेंब टाकले का मायनं डोळ्यात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं मार्कर टेबलावर ठेवला, तो घरंगळून खाली पडला, तिनं उचलला नाही.

"नाई टाकले," ती म्हणाली. इतक्या हळू, की पलीकडच्यांना ऐकू गेलं नसावं. मग एकदम तिचा आवाजच बदलला, बसका झाला, वयस्क झाला. "ऐकत नाई ते. आमी गावाहून आलो तवा मी पयलीत होती. बाबानं कॉलनीत घर घेतलं. शाळेत मले 'मले'च म्हनत. नावच पडलं होतं माह्यं. बाबानं मारलं, म्हने, या घरात आता 'मला' बोलाचं. मी शिकली. मायले नाई जमलं. कोनी पाहुनं आलं का माय आतमंदी जाऊन बसे. अजून बी बसते." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू वर्गात ते वाक्य बोलली, मी ऐकलं. तवा वाटलं, हे नाव हिच्यावर टाकाव. मंग माह्यावरचं निघन."

म्हणजे मलेबाई आधी ती होती. आपल्या पायातला काटा काढून तिनं माझ्या पायात रुतवला होता आणि नंतर तो कुणाचा ते विसरून गेली होती.

मला कळलं सगळं. पण कळणं वेगळं आणि सोडणं वेगळं. इतकी वर्षं मी तिच्या गोष्टीसाठी थांबले नव्हते.

"माफ कर मले," ती म्हणाली.

"माफीचं मंग पाहू," मी म्हणाले. "आदी ते कोपर कोनाचं होतं, ते सांगा सगळ्यायले."

ती कड्यातल्या सगळ्यांकडे वळली.

"हिच्या मायचं होतं," ती म्हणाली. "हिनं मले विश्वासानं सांगतलं होतं. मी ते स्टेजवर नेलं. लोकायले हासवलं. हिची माय समोर बसून होती, मले दिसत होती."

दिसत होती. हे मला नवीन होतं. ते झोंबलं. आणि खरं सांगते, समाधानही झालं. ते मी तिच्या तोंडून, तिच्या खऱ्या आवाजात, लोकांसमोर ऐकलं. वेणीशिवाय, डब्याशिवाय.

तेवढ्यात माझ्या अर्जुनीच्या मुलीनं हात वर केला. शाळेत करतात तसा, अगदी सरळ.

"मॅडम, मी पास म्हनलं होतं. पन आता मले बोलाचं हाय."

तिनं चित्राच्या घड्या उलगडल्या आणि बोडीची राहिलेली गोष्ट सांगितली. बाबानं तिला पोहायला शिकवलं ते म्हशीचं शेपूट धरून, आणि म्हैस मधे जाऊन बसली तेव्हा ही शेपूट धरून तिथेच, रडत, आणि काठावर अर्धं गाव हसतंय. पुढच्या रांगेतल्या त्या मुलानं विचारलं, "फिर? भैंस उठी कब?" ती म्हणाली, "तिच्या मनात आलं तवा. म्हशीले काय कार्यशाळा असते गा?" हॉल हसून हसून आडवा झाला. तिनं नोकरी सोडली नाही.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "जरा जडच झालं ते, असं ऐकलं. या बाईंना पुन्हा नको ना बोलवायला?"

"बोलवा," मी म्हणाले. "दर बॅचला बोलवा."

साहेब माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहायला लागले. त्यांना वाटलं, मी मन मोठं केलं. मी फक्त एक अट घातली, आणि ती त्यांना फार आवडली, कारण ती आमच्या नियमाप्रमाणेच होती. कार्यशाळा सुरू होण्याआधी बाईंनी स्वतःची गोष्ट सांगायची. घरच्या भाषेत. कोपरासकट.

मी तिला फोन करून हे सांगितलं.

"हा सूडच आहे ना गं?" तिनं विचारलं.

"हो वं ताई," मी म्हणाले. "सूडच हाय."

ती आली. कामाची गरज म्हणून आली की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही. दर बॅचला येते. माझ्या आईला मी फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती आधी म्हणाली, "मी म्हनलं होतं, आपल्याइकडचीच हाय." मग म्हणाली, "तिच्या मायले भेट एखांद्या दिवशी. ते बिचारी आतमंदी बसते म्हनते." मी हो म्हटलं, पण अजून गेलेले नाही. तेवढी मी मोठी झालेली नाही.

गेल्या बॅचची गोष्ट. माझी अर्जुनीची मुलगी आता स्वतः सोबतीण झाली आहे, ती माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत बसली होती. समोर नवीन मुलंमुली. बाई उभ्या राहिल्या, साडी सारखी केली, आणि नेहमीपेक्षा हळू, खाली जमिनीकडे पाहत, कोपराचा भाग चटकन उरकून घेण्याच्या बेतानं त्यांनी सुरुवात केली. "मले शाळेत…"

माझ्याशेजारून खणखणीत आवाज आला, "मागं ऐकू नाई येऊन राहिलं, ताई!"

बाईंनी मान वर केली. आम्हा दोघींना पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सुरुवात केली.